घाटमाथ्यावरची डहाळी

धुकं दाटलं म्हणून घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली. देवीच्या दगडापाशी एक आजी हिरवी डहाळी वाहत होत्या. रस्ता होण्याआधी बैलांवर मीठ लादून घाट ओलांडणारे लोक इथे माणशी एक डहाळी ठेवायचे, सगळे सुखरूप पोचावेत म्हणून. आमच्यासाठी हे आई करायची. माहेरी निघताना मी सामानाची पक्की यादी करते, पण दुसरं कुणी आपल्यासाठी करतं ते यादीत येतच नाही. आई वारल्यापासून तीनदा मी न थांबता हा घाट उतरले. खाली घर आहे, भाऊ आहे, तरी पोचल्यासारखं वाटत नाही.

"बघत काय उभी ऱ्हायलीस? तोड की!" आजी म्हणाल्या. "बोगदा झाला की कोन येतंय हितं?"

मी जांभळीच्या दोन डहाळ्या तोडल्या.

"दोन का गं? गाडीत आनि कोन हाय?"

"आई."

आजींनी रिकाम्या गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही डहाळ्यांवर एक दगड ठेवला.

"सावकाश ने तिला," त्या म्हणाल्या. "वळनं लई हायती."