मागच्या ट्रॉलीतला जोतिराम

नातेपुत्याच्या पलीकडच्या वाडीत अजिनाथबद्दल कुणालाही विचारा, पहिली गोष्ट तो हीच सांगेल की हा गडी मागे वळून न बघता ट्रॅक्टर मागे नेतो. तेही एक नव्हे, दोन ट्रॉल्या जोडून. ज्याने हे कधी केलं नाही त्याला यातली मेख कळायची नाही. स्टिअरिंग एकीकडे वळवावं तर पहिली ट्रॉली दुसरीकडे पळते आणि तिच्यामागची रुसल्यासारखी तिसरीकडेच. भले भले ड्रायव्हर मान दुखेपर्यंत वळून वळून बघतात आणि शेवटी बांधावर चढतात. अजिनाथ नुसता आरशात बघायचा.

ही सवय त्याला लावली थोरल्या भावाने, जोतिरामने. वडिलांनी मेंढरं विकून ऊस वाहायला ट्रॅक्टर घेतला, तेव्हा दोघं भाऊ रिकाम्या माळावर शिकत. अजिनाथ सीटवर आणि जोतिराम मागच्या ट्रॉलीत, शेवटच्या पत्र्याच्या फाळक्याला टेकून, हातात लाल पंचा घेऊन उभा. इंजिनच्या आवाजात हाका ऐकू येत नसत, म्हणून सगळं पंच्यावर चालायचं. पंचा डावीकडे हलला की डावीकडे, उजवीकडे हलला की उजवीकडे, आणि पंचा डोक्यावर घेतला की थांबायचं, मग काहीही असो. अजिनाथने ती खूण कधी मोडली नाही. पुढे वडील गेले, जोतिराम चाकणला कंपनीत लागला, आणि अजिनाथ रिकाम्या आरशात बघूनच गाडी मागे घ्यायला शिकला.

आपल्याकडे जत्रेत आता या उलट्या ट्रॅक्टरच्या शर्यती भरतात. पांढऱ्या फक्कीने वाट आखायची, कडेने पाण्याच्या बाटल्या उभ्या करायच्या, आणि एकही बाटली न पाडता कमी वेळात जो ट्रॉली खुणेला लावेल तो पहिला. अजिनाथ जाईल तिथे पहिला यायचा. ढाल घ्यायचा, माइकवर "बरं" म्हणायचा आणि खाली उतरायचा. टेंभुर्णीचा बिभीषण दर वेळी दोन बाटल्या पाडायचा, पण गॉगल लावून बॉनेटवर नाचायचा. बिभीषणाला पंधरा हजार मानधन आधी पोचतं व्हायचं आणि येण्याजाण्याचं डिझेल वेगळं. अजिनाथला प्रवेश फी स्वतः भरावी लागायची. सोलापूरच्या टायरवाल्या शेठनी तर त्याला तोंडावर सांगितलं, "हात लई चांगला हाय तुझा. पण टायर हातावर इकत न्हाईत, मानसावर इकत्यात. तू मानूस म्हणून दिसतच न्हाईस की." अजिनाथला ते लागलं. का लागू नये? वीस शर्यती जिंकलेल्या माणसाला तू दिसतच नाहीस म्हणायचं म्हणजे काय.

मग मंद्रूपच्या शर्यतीत त्याला शरणबसव भेटला. हा जत्रांमधला निवेदक, दगडाला बोलतं करणारा. शर्यतीआधी त्याने सहज विचारलं, "आरशात काय बगतोस रे, अण्णा?"

"जोत्याला," अजिनाथ म्हणाला. "थोरला भाऊ. शिकताना मागं उबा ऱ्हायचा, लाल पंचा घिऊन. अजून सवय हाय."

"आता कुटं असतो?"

"चाकणला."

शरणबसवने तोंड वाकडं केलं. "चाकणच्या भावाला कोण टाळ्या वाजवणार?" एवढं बोलून तो मंचावर चढला, आणि भरल्या दुपारी चार हजार लोकांसमोर त्याने सांगितलं की चार वर्षांपूर्वी उसाच्या फडात याच ट्रॉलीखाली अजिनाथचा थोरला भाऊ गेला, आणि तोच आजही लाल पंचा हलवत मागे उभा असतो. अजिनाथ सीटवर बसून ऐकत होता. इंजिन बंद होतं. खाली उतरून "खोटं हाय" म्हणायला त्याला दोन शब्द पुरे होते. तो उतरला नाही, त्याने किल्ली फिरवली.

त्या दिवशी तो जिंकला तेव्हा बाया रडत होत्या. एकीने मागच्या फाळक्याला हळदीकुंकू वाहिलं. आठ दिवसांत टायरवाल्या शेठचा फोन आला, आणि महिनाभरात बिभीषणाच्या दुप्पट मानधन अजिनाथला मिळू लागलं. शरणबसवने त्याला एक वाक्यही बसवून दिलं. शर्यत सुरू होण्याआधी माइक घ्यायचा आणि हाक मारायची, "जोत्या, चढ की रं मागं!" पब्लिक ती हाक त्याच्याबरोबर ओरडायचं. शेठनी फ्लेक्स छापला, त्यात जोतिरामचा हार घातलेला फोटो. तो फोटो घरच्या लग्नाच्या अल्बममधून अजिनाथनेच काढून दिला होता. आई केराबाईने फ्लेक्स बघितला आणि विळीने तो हार तेवढा कापून चुलीत घातला. "जित्या मानसाला हार घालत्यात व्हय रं? तुजी जीभ का झडली न्हाय?"

टेंभुर्णीत भर उन्हात पहिल्यांदा तसं झालं. हाक मारून अजिनाथने गाडी मागे घेतली आणि आरशात लाल काहीतरी हललं. फाळक्याला टेकून कुणीतरी उभं होतं. पंचा डावीकडे झुकला, त्याने गाडी डावीकडे घेतली. वळून बघितलं तर ट्रॉली रिकामी, नुसता तापलेला पत्रा. परत आरशात बघितलं तर तो होता. अजिनाथ चरकला, पण खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. इतक्या वर्षांनी मागे कुणीतरी होतं.

जोतिराम दर रविवारी दुपारी फोन करायचा. त्या रविवारी त्याचा आवाज फार लांबून आला.

"अज्या, हितं काय चाललंय कळंना बग. कंपनीच्या दारावरचं मशीन माझा अंगठाच घीना. चार दिस झालं."

"हात धुवून लाव की."

"धुतला की. आन् क्यांटीनवाला मला सोडून म्होरच्याला वाडतो. मी समोर उबा असतो, तरी."

अजिनाथने फोन ठेवला. पुढच्या जत्रेत जोतिराम आरशात आणखी स्पष्ट दिसला, अगदी शर्टाच्या चौकड्यांसकट, आणि त्या रविवारी त्याचा फोन आलाच नाही. अजिनाथ काही बावळट नव्हता. जितक्या वेळा आपण त्याला मागे बोलावतो तितका तो तिकडे कमी होतोय, हे त्याला पुरतं कळलं. तो घाबरला. तरी पुढच्या दोन सुपाऱ्या त्याने घेतल्या, कारण आगाऊ पैसे आले होते आणि गावागावात पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायला रांग लावत होती. दिसू लागलेल्या माणसाला पुन्हा न दिसणं जड जातं.

नातेपुत्याच्या शर्यतीच्या सकाळी जोतिराम घरी आला. एसटीत कंडक्टरने त्याला तिकीटच विचारलं नव्हतं. आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं, पण भाकरी वाढायची विसरली, आणि त्याने मागितली तेव्हा दचकली. तोंड उतरलेला, रंग उडालेला जोतिराम अजिनाथच्या मागे मैदानावर आला आणि फक्कीच्या रेषेपाशी थांबला. ओळखीची चार माणसं त्याच्या अंगावरून गेली, एकानेही रामराम घातला नाही.

"अज्या," तो म्हणाला, "मी काय रागवलो न्हाय. आज माइकवर येवडंच सांग, जोत्या हाय म्हनून. माजा भाऊ जिता हाय म्हन. मला वाटतंय तेवड्यानं भागंल."

"सांगतो," अजिनाथ म्हणाला. त्याला खरोखरच सांगायचं होतं.

मंचाशेजारी हार घातलेला कोरा ट्रॅक्टर उभा होता. जिंकला तर तो शेठकडून अजिनाथला, शिवाय वर्षभराचा करार. शरणबसवने माइक देताना त्याचं तोंड बघितलं आणि सगळं ओळखलं. "येडेपना करू नको यप्पा," तो हळूच म्हणाला. "भाऊ जिता निगाला तर उद्यापासनं तू परत नुसता डायवर." समोर हजारो माणसं त्या हाकेची वाट बघत होती. बायांनी हातात कुंकवाचे करंडे धरले होते. अजिनाथने रेषेकडे बघितलं. जोतिराम त्याच्या तोंडाकडे बघत होता.

"जोत्या," अजिनाथ म्हणाला. "चढ की रं मागं!"

मैदान दणाणलं. जोतिराम क्षणभर तसाच उभा राहिला. मग मान खाली घालून चालत गेला आणि चाकावर पाय देऊन मागच्या ट्रॉलीत चढला. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

अजिनाथने गाडी मागे घेतली. आरशात जोतिराम इतका स्वच्छ कधीच दिसला नव्हता. पंचा डावीकडे, पंचा उजवीकडे, एक बाटली हलली नाही. अर्धी वाट सरली आणि जोतिरामने पंचा डोक्यावर घेतला.

थांब.

अजिनाथचा पाय ब्रेककडे गेला. ब्रेकवर टेकलासुद्धा. पण थांबलं तर वेळ जाणार होता, आणि कडेला कोरा ट्रॅक्टर उन्हात चमकत होता. जोतिराम डोक्यावर पंचा धरून त्याच्याकडे बघत राहिला. अजिनाथने जन्मात पहिल्यांदा ती खूण मोडली.

ट्रॉली खुणेला लागली. आजवरचा सगळ्यात कमी वेळ, असं शरणबसव ओरडत होता. अजिनाथने उतरून मागे धाव घेतली. ट्रॉलीत कुणी नव्हतं. फाळक्यावर लाल पंचा पडला होता, धुरळ्याने भरलेला. त्याने तो उचलला आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी नवा ट्रॅक्टर दारात लावून तो आत आला. केराबाई चुलीपुढे बसली होती. ताटं दोनच मांडली होती.

"आये, जोत्या आला न्हाय जेवाय?"

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. रागावली नाही. पदर डोळ्याला लावला आणि भिंतीकडे हात केला. तिथे फोटो होता, हार वाळलेला, पुढे दिवा.

"असं काय बोलतूस लेकरा," ती म्हणाली. "चार वर्सं झाली की त्याला. उसाच्या फडात, ट्रॉलीखाली."