आवणीची चाल

घाई माझ्या अंगातच आहे. पडघ्याजवळच्या गोदामात पॅकिंगला लागले आणि महिन्याभरात भिंतीवरच्या स्क्रीनवर माझं नाव पहिलं झळकलं. सात जणींची आमची ओळ. खोक्यात माल भरायचा, पट्टी चिकटवायची, स्कॅन करून पुढे ढकलायचं. आठवड्यात कुणाची किती खोकी झाली ते स्क्रीनवर दिसे, आणि शनिवारी जिची सगळ्यात कमी, तिला सोमवारपासून ड्युटी नाही, तिच्या जागी नवी बाई.

माझ्या शेजारी एक काकी उभ्या असत. आतल्या गावातल्या, साठीला टेकलेल्या. खोकं बंद करण्याआधी चारी कोपरे दाबून बघायच्या, मध्येच थांबून निवांत पाणी प्यायच्या. मी चिडवायचे, "काकी, खोकं आहे ते, नवरी नाही सजवायची!" त्या हसायच्या आणि त्याच चालीनं पुढचं खोकं घ्यायच्या. त्यांचं एकही खोकं फुटून परत येत नसे. परत आलेली खोकी आकड्यातून वजा होत, म्हणून त्या तरून जात. माझी मात्र बरीच परत यायची. पण मी इतकी भराभर भरायचे की त्याचं काही वाटत नसे.

मग नारपोलीत आमच्या चाळीच्या जिन्यावरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. नवऱ्याचे यंत्रमाग बंद होते, घर माझ्या ड्युटीवर चाललेलं. प्लास्टर निघाल्याबरोबर कामावर गेले, पण बोटं वळेनात. बुधवारी दुपारी माझं नाव तळाला होतं, तेही लाल अक्षरांत. डबा खाताना मला रडूच कोसळलं.

काकींनी भाकरी खाली ठेवली. "आमच्याकडं आवणीला समद्या बाया एका वळीत वाकतात," त्या म्हणाल्या. "भाताची रोपं लावीत मागं मागं सरायचं. जिचा हात हळू, तिच्या चालीनं समद्यांनी सरायचं. कोन पळत न्हाय."

"काकी, हे शेत न्हाय, गोदाम हाय," एकीनं सुनावलं.

"बाया त्याच हायत ना?"

जेवण झाल्यावर ओळीचा वेगच बदलला. बाकीच्या पाच जणीही काकींसारख्या कोपरे दाबून बघू लागल्या, पाणी प्यायला थांबू लागल्या, आणि सगळ्याच माझा आकडा बघून पुढचं खोकं घेऊ लागल्या. गुरुवारी सुपरवायझर ओरडत आला. काकींनी त्याला शांतपणे विचारलं, "साहेब, कालपासून आमच्या वळीचं एक तरी खोकं परत आलं का?" तो पुढच्या ओळीकडे निघून गेला.

शनिवारी स्क्रीनवर सात नावं आणि सातही जणींचा आकडा एकच. सुपरवायझरला वाटलं मशीन बिघडलं. त्यानं दोनदा बंद करून चालू केलं.

"सगळ्यात कमी कोण?"

"तुमीच बघा," काकी म्हणाल्या आणि पदराला हात पुसले.

त्या सोमवारी आम्ही सातही जणी कामावर होतो. काकींसारखी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. त्यांनी कुणाशी भांडण केलं नाही, आवाजसुद्धा चढवला नाही.

हात आता बरा आहे. मनात आणलं तर मी पुन्हा पहिली येईन. पण इतके महिने मी रोज त्या स्क्रीनकडे बघत होते, आणि माझं नाव वर असताना तळाला कुणाचं होतं, हे मी एकदाही वाचलं नव्हतं.