आ-लायचे कॅबिनेट काही ठरेना

ताइपेइला लागून असलेल्या आमच्या सानचुंगमध्ये मेलेल्यांसाठी कागदाचे सामान हाताने बनवणारे आता फार थोडे उरलेत. त्यांतला मी एक. बांबूच्या कामट्या, खळ आणि रंगीत कागद एवढ्यावर मी बंगले बांधतो, मोटारी करतो, नोकरचाकर करतो. घरचे लोक ते जाळतात आणि गेलेल्या माणसाला ते तिकडे मिळते. मिळाले नाही अशी तक्रार घेऊन अजून कोणी परत आलेले नाही, त्यामुळे माझे बरे चालले आहे. बाकीचे दुकानदार कारखान्यात छापलेली खोकी विकतात. त्या बंगल्यांना जिना नसतो. वरच्या मजल्यावर म्हातारीने जायचे कसे, हे विचारले की हसतात.

क्वो थ्येन-लाय, म्हणजे आमचा आ-लाय, दुपारी दुकानात शिरला तो डोक्यावरचे हेल्मेट न काढताच.

"आ-फू दादा, कॉम्प्युटर हवाय."

"आहे की. तो बघ फळीवर. पडदा, कीबोर्ड, सगळं आहे."

त्याने तो उचलला, उलटा केला, आत डोकावला.

"आत काहीच नाही."

"कागद आहे. आत काय असणार?"

"पोराचा असा नव्हता. त्याने एकेक भाग आणून घरी जोडलेला. हा पाठवला तर म्हणेल, बापाला एवढंही कळलं नाही."

मी कात्री खाली ठेवली. त्याचा मुलगा पो-यान दोन महिन्यांपूर्वी स्कूटरवर गेला होता. ताइपेइ पुलाच्या उतारावर वळणाऱ्या ट्रकखाली.

आ-लाय पत्र्याचा माणूस. युनलिनच्या खेड्यातून कोवळ्या वयात इथे आला आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या गच्च्यांवर त्याने पत्र्याच्या शेड चढवल्या. माझ्या दुकानाचे शटरही त्याचेच. गालात सुपारी, कानावर पेन्सिल आणि बोलणे असे की खिळा ठोकतोय. वस्तूने एक तर पाणी अडवावे नाही तर हवा आत सोडावी, दोन्ही करत नसेल तर ती घरात कशाला, असे त्याचे मत. लग्नात बायकोला त्याने शिवणयंत्र दिले होते. सू-चिन अजून त्यावरून त्याला टोमणे मारते, आणि अजून त्याच यंत्रावर शिवते.

अशा बापाच्या पोटी पो-यान आला. त्याला वस्तू देखणी लागे. कॉम्प्युटरसाठी त्याने सुट्टीच्या दिवशी कामे केली, एकेक भाग जमवला, सगळे जोडले आणि शेवटी कॅबिनेटपाशी, म्हणजे हे सगळे बसवायच्या पेटीपाशी, अडला. एक पांढरे होते, दोन्ही बाजूंना काच, आत दिवे. दुसरे काळे, पुढून जाळी, हवा भरपूर, रूप यथातथा. काही केल्या त्याचे ठरेना. तोवर तो सगळा पसारा मदरबोर्डच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर, जेवणाच्या टेबलावर, उघडाच चालू असे. वायरी लोंबताहेत, पंखा फिरतो आहे आणि शेजारी भाताची वाटी. पाल आत पडेल म्हणून सू-चिन त्यावर अन्न झाकायची निळी जाळी पालथी घालायची. पोरगा हसायचा, पण जाळी काढायचा नाही.

आ-लायला ते बघवेना. शेवटच्या दिवशी काय झाले ते सू-चिननेच मला सांगितले. आ-लाय म्हणाला, मी पत्रा वाकवून कॅबिनेट करून देतो, तासाभराचं काम. खरे तर तो कधीचा हे म्हणायची संधी शोधत असणार. पोरगा म्हणाला, बाबा, तो कॉम्प्युटर आहे, गच्चीवरची पाण्याची टाकी नाही. आ-लायला ते लागले. म्हणाला, मग तुझं काचेचं माशांचं घर लवकर आण. आज रात्री जेवायला बसेन तेव्हा हे मला टेबलावर दिसता कामा नये.

तूचंगला कोणीतरी पांढरे आणि काळे, दोन्ही जुनी कॅबिनेट विकत होता. पोरगा तेच बघायला निघाला आणि तिथवर पोचलाच नाही. त्यामुळे त्याने कोणते निवडले असते, हे आता जगात कोणालाच माहीत नाही.

आमच्यात आईबापांच्या आधी जाणारे पोर कृतघ्न समजतात. अंत्यविधीच्या वेळी बापाने शवपेटीवर काठी हाणायची असते. नुसती टेकवली तरी चालते, बहुतेक बाप टेकवतातच. आ-लायने खरी हाणली. मंत्र म्हणणारा क्षणभर थांबला होता.

आता मरणानंतरच्या शंभराव्या दिवसाच्या विधीला त्याला मुलाकडे कॉम्प्युटर पाठवायचा होता, आणि तो बरोबर कॅबिनेटमध्ये. यापलीकडे त्याला दुसरे काही सुचत नव्हते.

"पांढरं करू या," मी म्हटले. "चकचकीत कागद लावतो, काचेला जिलेटीन. झकास दिसेल."

"हवा कुठून येणार?"

"आ-लाय, कागदाचं आहे ते."

"तिथे गरम होत नाही कशावरून? आणि सामान तिकडे जळूनच जातं ना? म्हणजे तिथे सतत राख पडत असणार. पुढे बारीक जाळी नको?"

इतकी वर्षे मी हे काम करतोय, तिकडे राख पडत असेल हे माझ्या डोक्यात आले नव्हते. मी मुकाट्याने जाळीची सोय केली. मग तो रोज येऊ लागला. खरे कॅबिनेट बघायला बाजारात जायचा, टेपने मापे घ्यायचा आणि ती माझ्या भिंतीवर पेन्सिलने उतरवायचा. पंखे पुढे तीन, मागे एक. बाजूची काच हाताने उघडली पाहिजे, तिथे पोराला पेचकस कोण देणार. खालचे पाय उंच हवेत, जमीन ओली असली तर. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला एखाद्या वस्तूच्या कडेवरून नुसते बोट फिरवताना पाहिले. पांढऱ्या कोपऱ्याला गोलाई हवी की नको यावर त्याने माझी सबंध सकाळ खाल्ली. मला राग यायचा. पोरगा जिवंत असताना यातला एक तास त्याने दिला असता तर, असे मनात यायचे. मग माझीच मला लाज वाटायची, कारण हे त्याच्याही मनात येत असणार.

अखेर मी दोन्ही केली. एक पांढरे, एक काळे. आता गेलेल्याची संमती घ्यायची होती. ती आम्ही दोन नाण्यांनी घेतो. फोटोपुढे उदबत्ती लावायची, प्रश्न विचारायचा आणि दोन्ही नाणी एकदम टाकायची. एक छाप आणि एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखी पडली तर नाही. मी दोन्ही कॅबिनेट घेऊन त्यांच्या घरी गेलो. टेबलावर तो पसारा तसाच होता, बंद, वर निळी जाळी. नवराबायको टेबलाच्या एका कडेला कशीबशी जेवत असावीत, तिथे दोनच वाट्या होत्या.

आ-लाय फोटोपुढे बसला. "पो-यान, आ-फू काकांनी केलंय. पांढरं पाठवू?"

दोन्ही छाप.

"बरं. मग काळं?"

दोन्ही काटे.

"गोलाई आवडली नाही का? काढू?"

नाही.

"दिव्यांचा रंग बदलू?"

नाही. तो विचारत राहिला. पंखे वाढवू? काच एकाच बाजूला ठेवू? दोन्ही पाठवतो, हवं ते घे, चालेल? नाही, नाही, नाही. असे सलग नकार मी क्वचित पाहिले आहेत. नाणी आहेत, कशीही पडतात, असे मी एरवी कोणालाही सांगितले असते. त्या खोलीत ते सांगायची माझी छाती झाली नाही. आ-लायचा सदरा पाठीला चिकटला होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "पत्र्याचं पाठवू? मी केलेलं?"

दोन्ही काटे.

मग सू-चिन स्वयंपाकघरातून आली, हात पुसत, आणि त्याच्या शेजारी टेकली.

"सरक. मला विचारू दे." तिने नाणी उचलली. "यान, उघडाच पाठवू? खोक्यावर, जाळी घालून? होता तसा?"

एक छाप, एक काटा. पहिल्याच वेळी.

तिच्या तोंडून हसू आले आणि त्याचेच रडू झाले. "बघा दादा, जाळीच हवी होती त्याला. करून द्याल ना?"

"उद्याच करतो," मी म्हटले. मला सुटल्यासारखे झाले. दोन्ही कॅबिनेट उचलून निघावे म्हणून मी उठलोही होतो.

आ-लायने तिच्या हातातून नाणी घेतली.

"झालं ना आता," सू-चिन म्हणाली. "कशाला परत?"

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. मुलाच्या फोटोकडेही पाहिले नाही. जमिनीकडे बघत विचारले, "माझ्यावर राग आहे का?"

एक छाप. एक काटा.

उदबत्तीची राख गळून पडली. मी घाईघाईने म्हणालो, "एकदा पडलेलं धरत नाहीत, आ-लाय. देवापुढे आपण तीनदा विचारतो." हे मी का म्हणालो कोण जाणे. मला वाटले दुसऱ्यांदा तरी नाणी दया करतील.

त्याने पुन्हा टाकली. एक छाप, एक काटा.

तिसऱ्यांदा त्याने हात उचलला तेव्हा सू-चिनने त्याची मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. "नको. पुरे. आता नको." तो जोर करत नव्हता, पण मूठही सोडत नव्हता. बराच वेळ दोघे तसेच बसून होते आणि मी दारात, हातात कागदाची दोन खोकी घेऊन.

शंभराव्या दिवशी आम्ही जाळले ते असे: कागदाचे पुठ्ठ्याचे खोके, त्यावर वायरी, पंखा, हिरवा मदरबोर्ड आणि वर कामट्यांची निळी जाळी. पो-यानचे नाव आणि पत्ता मी स्वतः चिकटवला, दुसऱ्या कोणी वाटेत उचलू नये म्हणून. जाळी सगळ्यात आधी पेटली. आ-लायने धग लागेपर्यंत जवळ उभे राहून सगळे पोचते का ते पाहिले.

मग माझ्याकडे वळला. "दादा, तुम्ही यातले जाणकार. राग किती दिवस राहतो, हे त्याला कसं विचारायचं?"

मी नाण्यांना चांगला ओळखतो. ती हो म्हणतात किंवा नाही म्हणतात. किती दिवस, हे त्यांना विचारता येत नाही. मी त्याला तसे सांगितले नाही. विचारू कधीतरी, म्हणालो, आणि त्याने मान डोलावली.