दंडाचं पान

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, चौथीपर्यंतच शाळा झाली – माफ कर. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. घरातही नाही.

आमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, कुंडीतल्या झाडांचा. ठाणे, कल्याण, डोंबिवली, कुठकुठल्या बायका. नियम एकच, झाडांशिवाय बोलायचं नाही. आणि दुपारी भांडी आवरली की तोच नियम सगळ्या मोडतात! मग दंड – आपल्या झाडाच्या एका पानाचा फोटो टाकायचा. काय एकेक बोलतात गं. शिकलेल्या, नोकरीतल्या, पण कुणी कुणाला कमी लेखत नाही. घोडबंदरची नेहा ट्रॅफिकमध्ये अडकली की लिहिते, ‘घरून निघाले तेव्हा मोगऱ्याला कळी होती, आता फूल झालं असेल.’ मी एकटीच कोलशेतच्या घरात तोंडाला पदर लावून हसायची. लिहायची मात्र नाही. चुकलं तर?

मग मी लिहायला लागले. नेहाने लिहिलं, सासूबाई आठ दिवसांसाठी येतायत. मी लिहिलं, ‘कुंडी लहान ठेव, मुळं धरणार नाहीत.’ त्या दिवशी पानांचा नुसता पाऊस पडला. ग्रुप चालवणाऱ्या नीलिमाताई – शाळेत शिकवायच्या – म्हणाल्या, ‘शोभा, तू ग्रुपचा जीव आहेस.’

मी? मला जन्मात असं सुचलेलं नाही.

खडवलीला माझी मोठी जाऊ असते. मी त्यांना ताई म्हणते. मी रोज फोन करायची, ग्रुपातलं सांगायची, त्या पटकन काहीतरी बोलायच्या – आणि तेच मी लिहायची. कुंडीचंही त्यांचंच. त्यांच्यासारखं बोलणारं माणूस मी पाहिलेलं नाही. पण हे मी कुणाला म्हटलं का?

त्यांच्या मुलाने त्यांना मोठा फोन घेऊन दिला. पहिलं काय म्हणाल्या? ‘शोभा, मला पण घे ना गं तुमच्यात.’

मी म्हटलं, ‘आता नवीन कुणाला घेत नाहीत, ताई.’

खोटं. त्याच आठवड्यात दोघी आल्या होत्या. आणि मी फोन करतच राहिले, त्यांचं घेतच राहिले.

पुढे त्यांचा गुडघा गेला, घराबाहेर पडणं बंद. एकदा मी नेहाची गंमत सांगितली तर त्या हसल्याच नाहीत. ‘मजा आहे बाई तुमची. मी इथे भिंतीशी बोलते.’ मी फोन ठेवला आणि नीलिमाताईंना ताईंचा नंबर पाठवला.

पहिल्याच दुपारी ताईंनी सगळ्यांना हसवून लोळवलं. नेहाने लिहिलं, ‘अय्या, या तर अगदी आपल्या शोभासारख्या बोलतात! काकू, शोभाचं ते कुंडीचं माहितीय?’ आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

 ताई लिहितायत असं दिसत होतं. थांबल्या. परत लिहायला लागल्या.

‘माहितीय ना. शोभाकडूनच शिकले मी. विषय सोडला, दंड घ्या.’ खाली ओव्याच्या पानाचा फोटो.

सगळ्यांनी हसरे चेहरे पाठवले.

तेव्हा सांगता आलं असतं. एक ओळ तर लिहायची होती.

मीही हसरा चेहरा पाठवला.