पोस्टर तिचं, नाव माझं

थांबा, हे आत्ताच सांगायचं आहे. गॅसवर चहा ठेवला होता, तो बंद करून आली मी. पायातल्या चपलाही काढल्या नाही. आमच्या गावच्या मंडईच्या नाटकाचं पोस्टर आज लागलं. पानठेल्यावर, पिठाच्या चक्कीवर, बसस्टॉपवर. आणि पोस्टरच्या एकदम खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, 'अक्षरजुळणी व सजावट', आणि पुढे माझं नाव. सकाळपासून जो भेटला तो म्हणून राहिला, मस्त केलं पोरी. आणि ते पोस्टर मी केलंच नाही!

झालं, बोलून टाकलं. आता सुरुवातीपासून सांगते.

मी घरी बसून टायपिंगचं काम करते. नवेगाव बांधच्या तलावापासून सायकलनं जाता येईल एवढ्यावर आमचं गाव. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, ग्रामपंचायतीत द्यायचे अर्ज, हे वर्षभर चालते. पण खरी मजा दिवाळीनंतर. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्रा, आणि मंडई म्हटली की नाटक. लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे, जागा नाही झोपायला. नाटकाचं पोस्टर तीन वर्षांपासून मीच करते. ते आजूबाजूच्या पाच-सहा गावांत लागते. माझी मामी तिच्या गावात लोकांना धरून धरून ती खालची ओळ दाखवते, हे पाहा, आमची भाची. माझा जीव त्या ओळीत आहे. हसा, पण आहे.

आता ती. तिचं नाव लिहीत नाही, मैत्रीणच म्हणते. आम्ही दोघी बारावीनंतर सकाळच्या गाडीनं गोंदियाला टायपिंगच्या क्लासला जायचो. एकाच बाकावर, एकाच मशीनवर आळीपाळीनं. आणि ऐका, ती माझ्यापेक्षा स्लो होती! क्लासच्या मॅडम माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणायच्या, इसको देखो, इसकी उंगली देखो. मग ती पुण्याला गेली, कुठल्याशा कंपनीत लागली, आणि या वर्षी घरूनच काम करते म्हणून गावात परत आली. सोबत मॅक लॅपटॉप घेऊन.

मी पाहायला गेली. जायला नको होतं. माझा लॅपटॉप विंडोजवाला, सहा वर्षांचा. त्याचा एक बिजागर तुटलेला, म्हणून पडद्याच्या मागे विटेचा तुकडा लावून बसावं लागते. तिनं एका बोटानं झाकण उचललं. एका बोटानं! काही कुरकुर नाही, पंख्याचा घर्रर्र आवाज नाही, पडदा असा चकचकीत की मला त्यात माझंच तोंड दिसलं, आणि ते तोंड काही चांगलं नव्हतं. तिच्या आईनं वरून भरतकामाचा रुमाल टाकला होता, देवावर टाकतात तसा. मी म्हटलं, "छान आहे." आणि घरापर्यंत जळतच आली.

तरी निभलं असतं. पण चार दिवसांनी चक्कीवर मंडईचे अध्यक्षकाका भेटले. दळण सांभाळत म्हणतात, "काय वं, त्या पोरीजवळ लय मोठा कम्प्युटर आहे म्हणतात. यंदा पोस्टर तिच्याकडून करून पाहाव का?"

मी म्हटलं, "काऊन? माह्यं खराब होते का?"

"खराब नाही वं. पण नवीन ते नवीन."

बस. मी त्याच आठवड्यात बाबांना घेऊन गोंदियाला गेली. बाबा दुकानापर्यंत एकच विचारत राहिले, "जुना चालून राहिला ना? मंग कायले?" मी म्हटलं, "तुम्हाले नाही समजत बाबा." दुकानदार मात्र समजदार होता. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले त्यानं, एक विंडोज, एक मॅक, आणि विचारलं, "बेटा, काम क्या करते हो?"

आता इथं मी खरं बोलली असती तर हे काहीच झालं नसतं. मी म्हटलं, "डिझाइनिंग. व्हिडिओ वगैरा."

"और मराठी टायपिंग?"

"थोडा थोडा."

"पुराना फॉन्टवाला? चाबीवाला सॉफ्टवेअर?"

ही चाबीची गोष्ट सांगावी लागेल. आमच्या इकडचे छापखाने अजून जुन्याच मराठी फॉन्टवर चालतात. ते सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते, आणि चालवायला लॅपटॉपला एक छोटी प्लास्टिकची किल्ली लावावी लागते, पेन ड्राइव्हसारखी दिसते. किल्ली नाही तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. मी तिला लाल दोरा बांधून ठेवला होता, हरवू नये म्हणून.

दुकानदार म्हणाला, "तो फिर ये वाला लो, विंडोज. इसमें आपका सब पुराना चलेगा. वो मॅक बढिया चीज है, पर आपके काम की नहीं है."

आपके काम की नहीं है! हेच वाक्य मला लागलं. तिच्या कामाची आहे आणि माझ्या कामाची नाही? मी म्हटलं, "भैया, मॅक दे दो." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं, आणि पंख्याकडे पाहत बसले.

आता याच्यापुढचं सांगायला मला लाज वाटून राहिली. जुना लॅपटॉप मी ठेवून घ्यायला पाहिजे होता ना? नाही ठेवला. मैत्रिणीची वहिनी बचत गटाची सचिव आहे, सगळ्या याद्या वहीत लिहिते. मी तो विटेच्या तुकड्यासकट लॅपटॉप उचलला आणि तिच्या घरी नेऊन दिला. "घ्या वहिनी, गटाला कामात येईल. मी आता मॅक घेतला." शेवटचं वाक्य जरा मोठ्यानं म्हटलं, मैत्रीण आतल्या खोलीत होती म्हणून. ती बाहेर आली, खरंच खूश झाली, "अगं वा! दाखव ना," म्हणाली. तिच्या डोळ्यांत काही जळताना दिसलं नाही. मला तर तेच पाहायचं होतं.

आठ दिवस मी हवेत. एका बोटानं झाकण उघडायची, बंद करायची, परत उघडायची. मग पोस्टरची वेळ आली. मी काकांना आधीच सांगून आली होती, "माह्याकडे बी तोच आहे आता, मॅक," आणि काका म्हणाले होते, "मंग तूच कर." मागच्या वर्षीची फाइल उघडली, तर पडद्यावर मराठीचा पत्ता नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर, नुसता किचाट. दुकानदारानं सांगितलं होतं तसंच. किल्ली लावायला गेली तर तिला बसायला भोकच नाही. जोडायची वायर मागवली, किल्ली बसली, तिचा दिवा लागला, आणि पुढे काहीच नाही. मग सगळं मोबाइलवर लिहितो तशा साध्या मराठीत नव्यानं टाइप केलं, छापखान्याला पाठवलं. तिथून फोन आला, "मॅडम, आमच्या मशीनवर जोडाक्षरं फुटून राहिली. नाटकाचं नावच फुटलं. जुनीच फाइल पाठवा ना." काकांचाही फोन, "परवा पोस्टर पाहिजे बरं, बाजूच्या गावाचं लागलं बी." मी खोटंच म्हटलं, "ताप आहे काका."

मग काका गेले तिच्याकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या दारात. बाबा धान कापायला गेले होते, मी एकटी. म्हणाली, "तुझी तब्येत कशी आहे? अगं, तुझ्या जुन्या लॅपटॉपवर पोस्टरची फाइल सापडली, पण सॉफ्टवेअर किल्ली मागते. तुझ्याजवळ आहे का?"

विचार करा. मशीन तिच्याकडे, किल्ली माझ्याकडे. मी दिली नाही तर तिचं पोस्टर होत नाही. माझं तर होणारच नव्हतं. मी म्हटलं, "हरवली वं."

"हरवली?"

"हो ना. किती शोधली."

तिनं दाराच्या बाजूला एकदा पाहिलं. मग म्हणाली, "बरं. सापडली तर सांगजो." सहा वर्षं पुण्याच्या तोंडानं बोलली असेल, पण 'सांगजो' आमचंच म्हणाली. आणि गेली.

मी दार लावायला वळली आणि पाहते तर काय, दाराच्या बाजूच्या खिळ्यावर घराच्या किल्ल्या, आणि त्यांच्यात ती, लाल दोऱ्याची. मी उभी होती तिथून दिसत नव्हती. ती उभी होती तिथून तिच्या नाकासमोर होती!

मी आधी दार लावून घेतलं. मग राग आला. तिनं म्हणायचं ना, ही काय लटकून राहिली, खोटं कायले बोलते? भांडायचं ना! भांडली असती तर मी पण भांडली असती. दहा मिनिटं मी त्या खिळ्याकडे पाहत बसली. तिकडे पोस्टर अडलं होतं, आणि ते फक्त तिचं नव्हतं, गावाचं होतं. शेवटी किल्ली घेतली आणि पळतच गेली.

ती माझ्या जुन्या लॅपटॉपसमोर बसली होती. मागे माझा विटेचा तुकडा. बाजूला तिचा मॅक, रुमालाखाली.

"सापडली का?"

"सापडली."

"कुठं?"

"खिळ्यावर."

ती हसली. मी हसली नाही. किल्ली टेबलावर ठेवली आणि उलट पावली आली. तिनं बस म्हटलं होतं. मी बसली असती तर दोघींनी मिळून अर्ध्या तासात केलं असतं. नाही बसली. तिचं बोट स्लो आहे, त्या जुन्या कीबोर्डवर तिला किती वेळ लागला असेल ते देव जाणे.

आणि आज पोस्टर लागलं. पाहायला गेली मी, चुका काढायला, खोटं कायले बोलू. एक चूक नाही. नटांची नावं मी दरवर्षी दाटीवाटीनं कोंबते, तिनं मोकळी सोडली, लांबून वाचता येतात. एवढं सुंदर माझं एकदाही झालं नाही. आणि खाली माझं नाव. जुन्या फाइलमध्ये ते होतंच, तिनं खोडलं नाही. विसरली की मुद्दाम ठेवलं, मला माहीत नाही.

तेवढ्यात काका आले, आणि माझं नशीब असं की तीही दूध घेऊन तिथूनच चालली होती. काका म्हणाले, "वा वं पोरी! मी तिले सांगितलं होतं, पण खाली नाव पाहिलं, तापात बी तूच केलं. नवीन लॅपटॉपची कमाल आहे हे." मी काही म्हणायच्या आधी तीच बोलली, "कमाल हाताची आहे काका, लॅपटॉपची नाही." आणि निघून गेली, दुधाची पिशवी हलवत.

मी घरी आली, चहा ठेवला, चहा बंद केला आणि तशीच परत काकांच्या घरी गेली. अंगणातच सांगितलं, "काका, पोस्टर मी नाही केलं. तिनं केलं. नाव चुकून माह्यं राहिलं."

काका खाटेवर बसून शेंगा खाऊन राहिले होते. म्हणतात, "मंग? सहा गावात चिकटवलं. आता काय सहा गावात जाऊन चुना लावू का त्याच्यावर? नाटक होते ना, बस झालं."

तिथून वहिनीकडे गेली. म्हटलं, वहिनी, तो जुना लॅपटॉप परत द्याल का? वहिनी म्हणाली, "अवो नाही वो बाई, त्याच्यात आता गटाच्या साऱ्या याद्या आहेत. तुले टाइप करायचं असन तर येत जा इथं. चहा पाजीन." आतून मैत्रीण ओरडली, "किल्ली इथंच ठेवजो!"

म्हणजे आता मला माझ्याच लॅपटॉपवर काम करायला तिच्या घरी जावं लागेल. उद्यापासून. दुसऱ्या एका गावच्या मंडईचं पोस्टर करायला आलं आहे, आणि त्याच्या खालच्या ओळीत मी दोन नावं टाकणार, तिचं आधी. हे ठरवलं तरी आतून अजून जळूनच राहिली मी, खरं सांगते. आधी तिच्या मॅकवर जळत होती. आता याच्यावर जळते की किल्ली डोळ्यांसमोर असताना ती गप्प राहू शकली. मला नसतं जमलं.

हे सगळं मी त्याच नव्या लॅपटॉपवर टाइप करून राहिली, चपला अजून पायात, चहा थंड. तुम्ही सांगा ना, तुमच्यासोबत झालं का असं? ज्याच्यावर जळता, त्यानंच तुमचं नाव राखलं असं? मग त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी गेलात तेव्हा पहिलं काय बोललात?