मुठीतला घास

मी एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, अभ्यास करतो. गाईच्या पोटात राहणारे जंतू चारा पचवायला हे विकर तयार करतात. त्याला एक लांब खाच असते. संत्र्याच्या सालीतल्या पेशींना सांधून ठेवणारं पेक्टिन त्या खाचेत बसतं आणि त्याचे तुकडे पडतात. हे जंतू आणायला मी आसेगावला घरी गेलो. गुरांच्या डॉक्टरांनी आमच्या गाईच्या पोटात नळी घालून रस काढला, तो मी बाटलीत भरला.

त्याच दिवशी आमच्या बकरीनं चारा सोडला होता. आईनं रवंथ करणाऱ्या गाईच्या तोंडातून घास ओढला, मूठ आवळून पदराखाली धरली आणि पळत जाऊन बकरीच्या तोंडात कोंबला.

"माय, हे काय घाण करून राह्यली?"

"सरक तिकडं. हवा लागली का वाया जाते."

मी हसलो. दुसऱ्या दिवशी बकरी खायला लागली. मी मात्र परतताना वाशीमच्या स्टँडवर गॅसनं फुगलेल्या बाटलीचं झाकण दोनदा उघडलं. प्रयोगशाळेत एकही जंतू वाढला नाही. हवेत ते मरतात, हे मी स्वतःच वर्गात पोरांना शिकवतो!

फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "मंग मूठ काहून उघडली?"