नवव्या महिन्यातला नवरीचा ब्लाउज

नववा लागला आणि माझे हात मशीनपर्यंत पोचेनात. हात होते तेवढेच होते, मध्ये पोट आलं होतं.

सिल्व्हर पार्कमध्ये तळमजल्यावर आमचं घर. पुढच्या खोलीत मी बायकांचे कपडे शिवते. आई गावी वडिलांच्या आजारपणात अडकलेली, म्हणून बाळंतपणाला माहेरी गेले नाही. सासूबाई वरसाव्याहून येऊन राहिल्या होत्या.

दिवसभर दुसऱ्यांची मापं घेणारी मी. दर सोमवारी आंघोळ झाली की टेप स्वतःच्या पोटाभोवती धरायचे. शेवटचं माप बेचाळीस इंच. बेंबी बाहेर आलेली, तिच्याखाली काळी रेघ. पाय इतके सुजले की नवऱ्याच्या चपला घालून फिरायचे. दोन घास खाल्ले की घशाशी यायचं, आणि अर्धा तास सलग बसणं होत नव्हतं. मन तर भलतंच हळवं झालं होतं. एकदा हुकांची डबी सांडली म्हणून मी जमिनीवर बसून रडले.

सासूबाईंनी एकेक हूक वेचला. म्हणाल्या, "रड. पन घाबरू नको. अंगात दोन जीव हायत, एकाचं रडू दुसऱ्याला फुटतं."

त्याच आठवड्यात समोरच्या बिल्डिंगमधली गुजराती मुलगी तिच्या लग्नाच्या ब्लाउजचं कापड घेऊन आली. ती कॉलेजात असल्यापासून तिचे सगळे कपडे मीच शिवलेले. माझ्याकडे बघून ती दारातच थांबली. "दीदी, नहीं होगा ना?"

"होगा," मी म्हटलं. म्हटल्यावर माझी मलाच भीती वाटली.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "दे ना दुसऱ्या टेलरकडे. आत्ताच कशाला?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "तिला करायचंय तर करू दे. मी हाय ना."

कटिंग उभ्यानेच केलं. शिवायला खुर्ची तिरकी लावली, पोट एका बाजूला वळवलं आणि दोन्ही हात दुसऱ्या बाजूला लांब केले. मशीनला मोटार होती म्हणून बरं. सुजलेल्या पायाने नुसतं दाबायचं. एक शिवण झाली की उठायचं, कमरेवर हात ठेवून फेरी मारायची, बाथरूमला जाऊन परत बसायचं. बाहीची गोलाई दोनदा उसवली. मध्येच पोट दगडासारखं कडक व्हायचं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, या खोट्या कळा, आडवं पडलं की जातात. मी आडवी पडायचे, त्या जायच्या, मी उठायचे.

तुरपाई आणि हूक सासूबाईंनी केले. लहानपणी त्यांनी वडिलांबरोबर मासे धरायची जाळी विणली होती. चष्मा नाकावर घेऊन त्या इतके बारीक टाके घालत होत्या की मला बोट ठेवायला जागा सापडेना.

नवरी ट्रायलला आली. मी तिच्या पाठीमागे उभी राहून खांद्याची पट्टी बघत होते, तेवढ्यात बाळाने अशी लाथ मारली की ती नवरीच्या कमरेला लागली. ती दचकून वळली. माझ्या गाऊनखाली डावीकडून उजवीकडे एक उंचवटा सरकत होता. तिने विचारून हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग आरशात बघितलं. ब्लाउजला कुठेही चुणी नव्हती. काखेत नाही, पाठीवर नाही. अकरा वर्षांत इतका नेमका बसलेला ब्लाउज माझ्या हातून झाला नव्हता. हे मी मोठ्याने म्हटलं, आणि म्हणताना लाजले नाही.

चार दिवसांनी सकाळी चहा गाळताना पाणमोट फुटली. नवऱ्याने रिक्षा आणली. मॅटर्निटी होममध्ये काउंटरवरच्या बाईने फॉर्म भरायला घेतला. कळ आली म्हणून मी खुर्चीची पाठ धरून वाकले होते. तिने नाव विचारलं, वय विचारलं, आणि पुढच्या रकान्यात स्वतःच लिहीत म्हणाली, "हाउसवाइफ."

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "टेलर हाय ती. नीट लिव्हा."

बाईने खोडून लिहिलं. कळ ओसरल्यावर मी सरळ उभी राहिले आणि चालत आत गेले. दुपारी मुलगी झाली.